द्रावणाचं माप

"छत्तीस ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम पाणी," फळ्यावर लिहिता लिहिता आई म्हणाली. "यापेक्षा जास्त मीठ त्यात विरघळत नाही. आता एका लिटर द्रावणात किती मोल मीठ, ते काढू."

समोर शेजारची मुलगी बसली होती आणि मी दारात, जीव मुठीत धरून. कारण सकाळीच आईने मला बजावलं होतं, "हल्ली माझं विसरणं फार वाढलंय. आज गणित चुकलं, तर शिकवणी बंद. पोरीचं नुकसान नको."

रसायनशास्त्र शिकवण्यात आईचा जन्म गेला. आधी शाळेत, मग घरी, या पुढच्या खोलीत. बाबा शिंपी. त्यांचं मशीन मधल्या दाराला लागून, पण शिकवणीच्या वेळी त्यांनी त्यावर कधी पाय ठेवला नाही. तेवढा वेळ ते काज-बटणं करत बसायचे. गिऱ्हाईक आलंच तर कुजबुजायचे, "हळू बोला, वर्ग चाललाय." मला मात्र त्याच वेळी हमखास डुलकी लागायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आईची खडूने पांढरी झालेली बोटं, बाबांच्या दातांत धरलेला दोरा... आठवलं की अजून गलबलून येतं.

"छत्तीस भागिले मिठाचा रेणुभार, साडेअठ्ठावन्न," आई म्हणाली, "म्हणजे पॉइंट सहा दोन मोल. हे शंभर मिलिलिटरमध्ये. लिटरला दहापट, सहा पॉइंट दोन."

मुलीने उतरून घेतलं. मलाही काही खटकलं नाही.

मधल्या दारात बाबा खाकरले. हातात अर्धवट बटणं लावलेला सदरा होता. "अगं, पाण्याचं माप घेऊ नका, द्रावणाचं घ्या... असं तूच सांगायचीस ना दर वर्षी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणा."

आई फळ्याकडे बघत राहिली. मग तिने आकडा पुसला. "बरोबर. मीठ धरून द्रावण एकशे छत्तीस ग्रॅम. घनता एक पॉइंट दोन. म्हणजे आकारमान एकशे तेरा मिलिलिटर, शंभर नव्हे. उत्तर पाच पॉइंट चार." मग मुलीकडे वळून म्हणाली, "आधीचं खोड, बाळ. चूक माझी होती."

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "जमलं की शेवटी!"

"मला कुठे? यांना जमलं," आई हसली. डोळे भरले होते. "ठरलं ते ठरलं. तिच्यासाठी दुसऱ्या बाई बघ."

दुसऱ्या दिवशी शिकवणीची वेळ झाली. बाबा मशीनवरून उठले आणि बटणांचा डबा घेऊन दाराशी बसले.

"चालवा की मशीन," आई म्हणाली. "आता कुणाचा वर्ग आहे?"

"असू दे," बाबा हळूच म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.