दुमडलेला कोपरा

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला कवितेचा एक पेपर सक्तीचा होता, आणि तो शिकवणाऱ्या बाईंना मुलं मागून पेन्सिलबाई म्हणत. कविता तीनदा वाचायची असा त्यांचा दंडक होता: एकदा कानाने, एकदा डोळ्याने, आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लय शिकवताना त्या सगळ्या वर्गाला बाकावर बोटांनी ठेका धरायला लावत. पहिला ठोका जोरात, पुढचे तीन हलके, पुन्हा एक जोरात, तीन हलके. आठ ठोक्यांची एक ओळ. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, तरी त्यांनी ते सोडलं नाही.

दर बुधवारी प्रत्येकाने आठ ओळी लिहून आणायच्या. नाव आणि हजेरीचा क्रमांक कागदाच्या कोपऱ्यात लिहून कोपरा दुमडायचा आणि डिंकाने चिकटवायचा. बाई खाली शेरा लिहून कागद दाराजवळच्या ट्रेत ठेवत, आणि ज्याने त्याने आपलं अक्षर ओळखून तो न्यावा. कोण काय टाकतो, काय उचलतो, हे बाई बघत नसत. पूर्वी एकदा एका मुलाच्या कवितेवरून वर्गाने त्याला इतकं पिडलं होतं, की त्याने कॉलेजच सोडलं. तेव्हापासून त्या पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहीत आणि त्याखाली दोन रेघा ओढत: कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे.

तिसऱ्या बुधवारी आलेल्या एका कवितेची सुरुवात अशी होती:

*मी नाही म्हणाले त्या रविवारपासून*
*खिडकीला एक फळी आहे, फळीला चार खिळे.*
*ऊन पलंगाच्या पायापर्यंत येतं आणि परत फिरतं.*

बाईंनी ती वर्गात वाचली. एकशे दहा मुलांचा वर्ग. आधी कुजबुज, मग हात वर. एक म्हणाला, खिडकी म्हणजे नोकरी, ती काही आपल्याला उघडायची नाही. वर्ग हसला. एक मुलगी म्हणाली, फळी म्हणजे समाज. बाईंना शब्दांतला संयम आवडला होता. कुठे रडणं नाही, ओरडणं नाही, नुसतं मोजमाप. त्यांनी खाली पेन्सिलने लिहिलं: ‘खिळ्याची प्रतिमा उत्तम. आणखी वाढू द्या.’

पुढच्या बुधवारी त्याच अक्षरात दोन फळ्या आणि आठ खिळे आले. ऊन आता पलंगापर्यंत पोचत नव्हतं, दोन बोटं रुंदीची पट्टी होऊन भिंतीवरच थांबत होतं. ‘प्रगती आहे,’ बाईंनी लिहिलं, आणि खरंच मनापासून लिहिलं.

तिसरा कागद शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या हातात आला. दुपारची वेळ, खोलीत भौतिकशास्त्राचे सर तेवढे प्रयोगवह्या तपासत बसलेले. सर आणि बाई वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसत होते आणि वीस वर्षं सर तोच विनोद करत होते, की बाईंच्या विषयात उत्तर चुकायची सोयच नाही. आज बाईंनी त्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. तीन फळ्या, बारा खिळे, उन्हाचा दोरा झालेला, आणि शेवटची ओळ: *बाई, तुम्ही म्हणालात तशी प्रतिमा वाढली आहे.*

वाचणाऱ्यालाच कवितेत ओढायची ही युक्ती पहिल्या वर्षाच्या मुलीला सुचावी, याचं बाईंना कौतुक वाटत होतं. सरांनी लाल पेन खाली ठेवलं.

“चार, आठ, बारा,” ते म्हणाले. “आमच्याकडे असे आकडे आले तर आम्ही त्याला प्रतिमा म्हणत नाही, बाई. नोंद म्हणतो.”

“अहो सर, कवितेतली ‘मी’ म्हणजे...”

“ते मला पाठ आहे. कागद बघू.”

कागद आठ घड्यांचा होता आणि एका कडेला धुळीची सरळ रेघ होती, दाराखालून सरकवल्यासारखी. कोपरा चिकटवलेला नव्हता, दोऱ्याने टाचला होता.

“डिंक का नाही?” सरांनी विचारलं.

हे बाईंनी पाहिलं होतं. कानाने, डोळ्याने आणि पेन्सिलने पाहूनही त्याचा अर्थ त्यांनी लावला नव्हता: लिहिणारी जिथे होती तिथे डिंक मिळत नव्हता. नियम त्यांनीच केलेला, आणि ब्लेडने टाका तोडला तोही त्यांनीच. क्रमांक एक्केचाळीस. हजेरीपटात एक्केचाळीससमोर पाच दिवस गैरहजेरी; म्हणजे हा कागद दुसऱ्याच कोणीतरी ट्रेत आणून टाकला होता.

कचेरीतून पत्ता मिळाला. पालक म्हणून काकाचं नाव होतं, आईवडिलांच्या रकान्यात रेघ. दोघं लगेच निघाले. वाटेत बाई म्हणाल्या, “मी लिहिलं, आणखी वाढू द्या,” आणि सरांनी पावलं भराभर उचलली.

इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लांब सज्जा होता. टोकाच्या दाराशेजारी खिडकी होती, सज्ज्याकडे उघडणारी. बाईंनी मोजलं. चार फळ्या. सोळा खिळे. चौथ्या फळीचं लाकूड अजून पांढरं होतं.

दार काकाने उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा, आवाज मऊ. बाई कॉलेजातून आल्या म्हटल्यावर त्याने हात जोडले. पुतणी गावाला गेली, म्हणाला. चांगलं स्थळ आहे, आधी नाही म्हणत होती, लहान आहे, समजावलं. खिडकीचं विचारल्यावर म्हणाला, माकडं येतात.

मग तो हसला. “तुम्हीच ना पेन्सिलबाई? तिच्या पुस्तकात तुमचे कागद सापडले मला. ‘आणखी वाढू द्या.’ मी म्हटलं, शिकलेल्या बाईंचंही आपल्यासारखंच मत आहे.”

तेव्हाच फळ्यांच्या मागून आवाज आला. लाकडावर बोटांच्या सांध्यांचा. एक जोरात, तीन हलके. एक जोरात, तीन हलके. आठ.

“उंदीर,” काका म्हणाला, आणि त्याचा हात दाराकडे गेला.

बाईंनी आपला पाय उंबरठ्यावर, दाराच्या फटीत ठेवला. वळून न बघता त्यांनी सरांना पोलिसांना फोन लावायला सांगितलं. सरांनी तो आधीच लावला होता. ते पत्ता सांगत होते, शब्द सुटे सुटे करून. दार पायावर दाबलं गेलं. काका अजून हसतच होता, पण आता त्याने घरात कोणाला तरी हाक मारली, आणि आत जड पावलं खिडकीच्या दिशेने गेली.

आत दुसरी ओळ सुरू झाली होती. एक जोरात, तीन हलके, एक जोरात.

बाई पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिल्या. पाय त्यांनी काढला नाही.