नाल्याखालची बाटली

ड्रायव्हरकाकांनी दोरीची बादली पुलावरून खाली सोडली, नदीचं पाणी वर ओढलं आणि पहिली बाटली भरली. मग सवयीनं त्यांचा हात त्याच बादलीतून दुसरी भरायला वळला.

"काका, तिच्यावर काय लिहिलंय?"

ती गाडीला टेकून उभी होती. एरवी ती प्रयोगशाळेतच असायची. नमुने काका आणून द्यायचे. आज हट्टानं बरोबर आली होती.

काकांनी बाटली फिरवली. लेबल त्यांनी निघतानाच चिकटवलं होतं. 'कारखान्याच्या नाल्याखाली.' नाला खाली नदीला मिळतो ती जागा इथून दिसतसुद्धा नव्हती.

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून ती या आकड्यांशी झगडत होती. नाल्याखालच्या वस्तीतल्या बायका पोरांच्या अंगावरचे चट्टे दाखवून जायच्या, आणि तिच्या नळ्यांतलं पाणी मात्र न्हाऊ घातलेल्या लेकरासारखं स्वच्छ. तिनं रसायनं बदलली, उपकरणं पुन्हा जुळवली, शेवटी स्वतःच्या जागरणांना दोष दिला. साहेब म्हणाले, "आकडे चांगले येतायत तर तुमच्या पोटात का दुखतं?" उद्या त्याच आकड्यांवर कारखान्याला वाढीव परवानगी मिळणार होती. आकड्यांखाली सही तिची.

"कधीपासून, काका?"

"तुम्ही रजेवरून आल्यापासून." ते बादलीकडेच बघत होते. "खाली जायचं म्हणजे चिखलातून पायपीट. बाटल्या पोचेस्तोवर संध्याकाळ. आणि पोचल्या की तुम्ही त्याच दिवशी तपासणी लावणार, उद्यावर टाकणार नाही. घरी अंगावर पिणारं लेकरू. म्हटलं, पाणी काय, एकाच नदीचं."

तुमच्यामुळे मी वेळेवर घरी पोचते, असं तीच त्यांना कितीदा म्हणाली होती. तिनं दोरीची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

तिनं बादली उलटी केली, बाटली घेतली आणि उतार उतरायला लागली. काका तिची पर्स आणि बर्फाचा डबा सावरत मागून आले. नाल्याच्या तोंडाशी वासानं डोळे चुरचुरले. राखाडी फेस दगडांना चिकटून बसला होता. पायातली चप्पल चिखलानं धरून ठेवली, ती तिथेच सोडून ती पाण्यात शिरली.

"ताई, साहेबांना सांगा, ड्रायव्हरनं फसवलं. माझी नोकरी तशीही संपत आलीय."

"सही माझी आहे. जुने आकडे मीच मागे घेणार."

"उद्याच्या आत?"

"आज."

"तुमच्यावर येईल सगळं."

"येऊ दे."

त्याच पाण्यानं तिनं बाटली विसळली, पुन्हा विसळली. कुडता छातीशी ओला झाला होता. दुधाची वेळ टळून गेली होती. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

"सासूबाई असतील. उचला तुम्ही, माझे हात घाण आहेत."

काकांनी फोन कानाला लावला. बाळाचं रडणं तिला तिथवर ऐकू आलं. तिनं मान वर केली नाही.

"हो आजी, मी ड्रायव्हर बोलतोय. ताईंना उशीर होईल आज. गाडी..."

ते थांबले. ती वाकून, एकही बुडबुडा आत राहू नये म्हणून, बाटली हळूहळू भरत होती.

"गाडी ठीक आहे," काका म्हणाले. "काम राहिलं होतं."