तेविसावा महिना

नव्याने डॉक्टरेट मिळवलेल्या संशोधकाला पहिली कायम नोकरी दिली, की फ्रान्सचे सरकार चोवीस महिने त्याचा पगार करसवलतीसाठी दुप्पट धरीत असे. तेवढ्या मुदतीत कंपन्यांना संशोधकांची सवय लागेल, अशी कायदा करणाऱ्यांची श्रद्धा होती. ग्रनोबलमधल्या या कंपनीला सवय लागली ती मुदतीची. पाण्यातले शिसे गाळणाऱ्या पडद्याच्या प्रयोगावर क्लेमांस रूव्हिएर ही चौथी संशोधक. आधीचे तिघे चोविसाव्या महिन्यात, परस्परसंमतीने, गेले होते.

तेविसाव्या महिन्यात कर्मचारी विभागाचे प्रमुख बेर्त्राँ सोव्हाजो यांनी तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि शेजारी कागद.

"दोघांच्या संमतीनं वेगळं व्हायचं, बास. भांडण नाही, तंटा नाही."

"माझ्या कामात खोट काय निघाली?"

"खोट कसली, अगं! तुला बाहेर हातोहात उचलतील."

"कोण उचलणार? सवलत पहिल्या नोकरीलाच मिळते. ती तुम्ही वापरून टाकलीत."

बेर्त्राँ हसले. "सोमवारी लियाँहून नवीन डॉक्टरेटवाल्या बाई येतायत. तुझं काम त्या पुढे नेतील."

"माझ्या चाचणीचे अकराशे तास बाकी आहेत. त्या पहिल्यापासून सुरू करतील, मी केलं तसंच. आठ वर्षं आपण एकाच प्रयोगाची सुरुवात करतोय, आणि सरकारला दर वेळी नवं संशोधन म्हणून कळवतोय."

बेर्त्राँनी कप बाजूला सारला. "हे पाहा, मादाम रूव्हिएर, सही केली नाहीत तर पुढचं सोपं जाणार नाही."

दोन वर्षांची 'अगं' एका नकारात मादाम झाली होती. या बढतीचे क्लेमांसला मुळीच अप्रूप वाटले नाही.

"मग काढून टाका. कारण तेवढं लेखी द्या, कायद्यात बसणारं. सापडत नसेल तर शोधा. तेही संशोधनच; बघा सवलत मिळते का."

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. तिथल्या रिवाजाप्रमाणे सहीच्या वर स्वहस्ते 'वाचले आणि मान्य' असे लिहायचे असते. तिने पेन उघडले, 'वाचले' एवढेच लिहिले, पूर्णविराम दिला आणि सहीची जागा कोरी ठेवून कागद परत सरकवला.

"अर्धंच लिहिलंत," बेर्त्राँ म्हणाले.

"तेवढंच खरं आहे." ती उठली. "आणि सोमवारच्या बाईंसाठी दुसरं टेबल मागवा. माझ्या टेबलावर चाचणी चालू आहे."