बिनव्याजी

“वहिनी, मावशींचे पैसे कुठे पळून चाललेत?” रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहून भावजी म्हणाले. “त्यांना व्याज द्यावं लागत नाही, त्या मागत नाहीत, कागदसुद्धा केलेला नाही. असलं कर्ज सगळ्यात शेवटी फेडायचं असतं. शहाणी माणसं हेच करतात.”

सिस्टर सकाळची ड्युटी उरकून थेट इथे आली होती. पाय भरून आले होते आणि बसायला खोलीत एक पाट नव्हता. भाडेकरू चार दिवसांपूर्वी सामान घेऊन गेला होता. रंगारी आतल्या भिंतीचे पोपडे खरवडत होता आणि त्या आवाजात तिला दर वाक्य दोनदा ऐकावं लागत होतं.

बावीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढल्यावर ‘सिस्टर’ हेच तिचं नाव होऊन बसलं होतं. धाकटे दीर तेवढे वहिनी म्हणत, आणि तेही काही काम असलं की जरा जास्तच गोड आवाजात. घरं विकण्याची दलाली हा त्यांचा धंदा. ही दोन खोल्यांची जागा चार वर्षांपूर्वी त्यांनीच गळ्यात मारली होती. बँकेचं कर्ज काढा, भाड्यानं द्या, भाड्यातून हप्ता फिटतो, तुम्ही फक्त बघत राहा. बघत राहायचं काम मात्र काही जमलं नाही. कधी नळ फुटला, कधी दोन महिने जागा रिकामी राहिली, कधी सोसायटीनं जास्तीचे पैसे मागितले. हप्त्याची तारीख मात्र कधी आजारी पडली नाही.

“शेजारच्या जागेचा मालक अडचणीत आहे,” भावजींचं चालूच होतं. “पडत्या भावात देतोय. तुमच्या त्या ठेवीतले दोन लाख चाळीस टाकले की बाकीचं बँकेकडून मी बघतो. दोन जागा, दोन भाडी. रविवारपर्यंत त्याला हो म्हणायचंय.”

“ती ठेव मावशींची आहे,” सिस्टर म्हणाली.

“नाव तर तुमचंच आहे.”

खिडकीशी उभा असलेला नवरा बाहेर बघत राहिला. याचाच तिला जास्त राग आला. कारण मावशींचे तीन लाख त्याच्याच मणक्यात गेले होते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पाणी खात्यातला हा कारकून एका सकाळी अंथरुणातून उठेचना. ऑपरेशनसाठी बँकेचं कर्ज काढलं, दागिने मोडले, तरी तीन लाख कमी पडत होते. याच भावजींनी तेव्हा बाजार थंड असल्याचं सांगून हात वर केले होते. आणि वॉर्डातल्या मावशी, ज्यांनी तीस वर्षं पेशंटची भांडी उचलली, अंगं पुसली, मेलेल्यांचे डोळे मिटले, त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. त्यांनी निवृत्तीचे पैसे आणून सिस्टरच्या टेबलावर ठेवले. “माणूस आधी उभा करा. पैसे काय, सवडीनं द्या.” चहासुद्धा न घेता गेल्या.

माणूस उभा राहिला. सिस्टरनं आठ महिने पाच-पाच हजार नेऊन दिले. मग ही जागा आली, हप्ता आला, आणि ‘सवडीनं’ या शब्दाचा अर्थ घरात हळूहळू बदलत गेला. तिनं जादा ड्युट्या करून निराळी ठेव जमवली खरी, पण पूर्ण झाल्यावर एकदम नेऊन देऊ म्हणता म्हणता मावशींकडे जायचंच राहून गेलं. जाऊन बसायचं तर रिकाम्या हातानं कसं, असं वाटायचं. गेल्या दीड वर्षात ती एकदाही गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिनं वॉर्डाचा चार्ज घेतला. स्वतंत्र खोलीत मांडीचं हाड मोडलेली एक बाई आदल्या संध्याकाळी दाखल झाली होती. नव्वद किलोचं धूड. घरच्यांनी सोबतीला पगारी बाई ठेवली होती. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन आत गेली तर ती बाई पाठमोरी, पेशंटच्या कमरेखाली हात घालून तिला कुशीवर वळवत होती. एक हात खांद्यापाशी, एक कमरेशी, गुडघा पलंगाच्या कडेला. कुशीवर वळवायची ही पद्धत सिस्टर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती. शिकवणारीला तिनं पाठीवरूनच ओळखलं.

“मावशी? तुम्ही?”

मावशी वळल्या. चेहऱ्यावर घाम होता. क्षणभर त्यांनाच चोरी पकडल्यासारखं झालं.

“घरी बसून हाडं गंजतात हो,” त्या हसून म्हणाल्या. “एजन्सीवाल्यांनी पाठवलं. इथलंच निघालं, म्हटलं बरं झालं, ओळखीची जागा.”

“किती तास?”

“बारा. पण ह्या झोपतात की मध्ये.”

मावशींना सहासष्टावं चालू होतं. डावा पाय जमिनीवर टेकवताना त्या गुडघा अजिबात वाकवत नव्हत्या, हे सिस्टरच्या नजरेतून सुटलं नाही. पेशंटला गोळ्या देऊन होताच तिनं त्यांना व्हरांड्यात ओढून आणलं.

“खरं सांगा. का करताय हे?”

“खोलीचं भाडं वाढवलं मालकानं. दीडपट. आणि नवीन कागद करायचा तर आगाऊ रक्कमही पाहिजे म्हणतो.” मग जणू त्या मालकाची बाजू मांडायलाच हवी, अशा आवाजात मावशी पुढे म्हणाल्या, “त्याचं तरी काय चुकलं? त्यालाही बँकेचा हप्ता असतो ना.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. सिस्टरला तो भाडेकरू आठवला. गेल्या महिन्यात नवऱ्यानं त्याला भाडं वाढवून सांगितलं, तेव्हा त्यानं फक्त मान हलवली होती आणि जागा सोडली होती.

“तुम्ही माझ्याकडे पैसे का नाही मागितले, मावशी?”

“मागायला काय, तुम्ही विसरला होता का?”

आतून पेशंटनं हाक मारली आणि मावशी लंगडत आत गेल्या.

त्या दिवशी सिस्टर घरी आली ती धुमसतच. नवरा आणि भावजी टेबलावर कागद पसरून बसले होते.

“मावशी आमच्या वॉर्डात लोकांची भांडी उचलतायत,” तिनं पर्स आपटली. “रिटायर होऊन सहा वर्षं झाली त्यांना. एका पायानं लंगडतायत. आणि आपण इथे दुसरी जागा बघतोय!”

“अगं, पण त्या काही बोलल्या नाहीत...” नवरा म्हणाला.

“नाही बोलल्या म्हणूनच तर त्यांचा नंबर शेवटचा! बँक नोटीस पाठवते, म्हणून बँकेला आधी. सोसायटी पाणी तोडते, म्हणून सोसायटीला आधी. जी बाई तोंड उघडत नाही, तिचे पैसे म्हणजे आपल्याला सापडलेले पैसे!”

“वहिनी, भावनेच्या भरात व्यवहार होत नसतो,” भावजी कागद सारखे करत म्हणाले. “मी शेजारच्याला पंचवीस हजार इसार देऊन बसलोय. तुमच्या भरवशावर.”

“कोणाला विचारून?”

भावजींनी भावाकडे पाहिलं. भावानं टेबलाकडे. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. आपण फक्त सही करायला उरलो होतो.

“मी काय चैन करायला निघालोय का?” नवऱ्याचा आवाज अखेर चढला. “उद्या माझी पाठ पुन्हा गेली तर? तुझे गुडघे गेले तर? भाड्याचे चार पैसे असले तर कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. आपलं म्हातारपण कोण बघणार?”

“आपलं म्हातारपण शाबूत राहावं म्हणून आपण मावशींचं खाल्लं,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही उभे आहात ना, ते त्यांच्या म्हातारपणावर उभे आहात.”

नवरा खुर्चीत मागे रेलला. मग त्यालाच एक तोडगा सुचला आणि तो उत्साहानं पुढे वाकला. “असं केलं तर? जागा रिकामीच आहे. मावशींना तिथे राहू दे. भाडं महिन्याच्या महिन्याला त्यांच्या रकमेतून वळतं करू. त्यांची खोलीची कटकट मिटेल, आपलं कर्ज फिटेल, ठेवही मोडावी लागणार नाही.”

“हे झालं डोकं!” भावजींनी टेबलावर थाप मारली.

आणि सिस्टरला पुढे कित्येक दिवस शरम वाटत राहिली ती याची, की त्या क्षणी तिलाही ते पटलं. नवं रंगवलेलं घर, चोवीस तास पाणी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोठ्या उमेदीनं मावशींना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून सगळं सांगितलं.

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. “भाडं किती धरणार?”

“आठ हजार. बाहेर नऊ चाललंय.”

“मी आत्ता वाढीव धरून साडेचार देते.” त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे पावणेतीन वर्षांत माझे पैसे संपले. मग?”

“मग... तेव्हाचं तेव्हा बघू.”

इतक्या वर्षांत सिस्टरनं मावशींना चिडलेलं पाहिलं नव्हतं. डॉक्टर अंगावर ओरडले तरी त्या फडकं घेऊन फरशी पुसत राहायच्या. आताही त्यांचा आवाज चढला नाही, पण डबा त्यांनी बाकावर आपटला.

“माझेच पैसे, आणि मीच तुमची भाडेकरू? भिंतीत खिळा मारायचा तर तुम्हाला विचारायचं, आणि दर महिन्याला बसून मोजायचं, आता किती उरले? सिस्टर, मी पैसे उसने दिले होते. जागा मागितली नव्हती.” त्या उठल्या. गुडघ्यावर हात रोवून, दोन खेपांत. “तुमच्या मनात हे आलं नसणार. कोणीतरी घातलंय. पण तुम्ही ते घेऊन माझ्यापर्यंत आलात.”

त्याच दुपारी सिस्टरनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बँकेतल्या मुलीनं मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी मिळेल, असं तीनदा समजावलं. “मोडा,” एवढंच सिस्टर म्हणाली. संध्याकाळी तिनं नोटा मावशींच्या हातात दिल्या.

मावशींनी ‘राहू द्या’ म्हटलं नाही. ‘कशाला घाई केलीत’ असंही नाही. पेशंटच्या खोलीबाहेर उभ्या राहून त्यांनी दोन लाख चाळीस हजार शेवटच्या नोटेपर्यंत मोजले. एकदा नव्हे, दोनदा. जाणारे-येणारे बघत होते. सिस्टर समोर उभी राहिली.

“वीस राहिले,” मावशी म्हणाल्या.

“दोन महिन्यांत देते. आणि व्याजाचंही...”

“व्याज घ्यायचं असतं तर तेव्हाच बोलले असते.”

इसाराचे पंचवीस हजार बुडाले. ते कोणाचे बुडाले यावरून दोघा भावांत जुंपली आणि भावजींचं येणं बंद झालं. दोन खोल्यांची जागा एका शिक्षक जोडप्याला जुन्याच भाड्यानं दिली. हप्त्याला कमी पडतात ते सिस्टर जादा ड्युट्या करून भरते. उरलेल्या वीस हजारांपैकी दहा नवऱ्यानं पगारातून काढले आणि तिच्या उशीपाशी ठेवले. स्वतः नेऊन द्या, असं ती म्हणाली. त्याच्याकडून ते झालं नाही.

पैसे हातात आल्यावरही मावशींनी ते काम लगेच सोडलं नाही. हातात घेतलेला पेशंट अर्ध्यात टाकायचा नसतो, असं त्यांनी दुसऱ्या आयाला सांगितलेलं सिस्टरच्या कानावर आलं. पंधरा दिवसांनी त्या बाईला घरी सोडायचं ठरलं. मावशींनी तिचे केस विंचरून दिले, व्हीलचेअरवर बसवलं, औषधांची पिशवी खुर्चीच्या मुठीला अडकवली आणि खुर्ची ढकलत वॉर्डाच्या दारापर्यंत आणली.

दार जड होतं आणि आपोआप मिटायचं. सिस्टर हातातलं सलाइन टेबलावर ठेवून धावली आणि पाठीनं दार उघडं धरून उभी राहिली. मावशींनी आधी उंबऱ्याच्या पट्टीकडे पाहिलं, मग खुर्चीची पुढची चाकं अलगद उचलून पलीकडे टेकवली, पेशंटला धक्का बसणार नाही अशी.

“सावकाश,” त्या पेशंटला म्हणाल्या आणि सिस्टरच्या समोरून पुढे निघून गेल्या.

लंगडतं पाऊल लिफ्टपर्यंत ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत सिस्टरनं दार सोडलं नाही.