माझ्या वाटणीचं लिंबू

मी काँटेसा बोलतेय. डोंबिवलीच्या मानपाड्यात, काळुरामशेटच्या अंगणात आंब्याखाली उभी असलेली लांबलचक मरून गाडी, तीच मी. माझं नाव इथे कुणाच्या जिभेवर नीट बसलं नाही. सगळे आपले ‘काळुशेटची गारी’ म्हणतात.

जन्म माझा कलकत्त्याकडचा, पण पहिली नोकरी ठाण्यातली. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या साहेबांना नेणं-आणणं. साहेब मागे बसून पेपर वाचायचे आणि माझ्याशी अवाक्षर बोलायचे नाहीत. ते रिटायर झाले आणि काळुरामने मला घेतलं. त्याची भातशेती नुकतीच बिल्डरकडे गेलेली, अंगावर कोरा सफारी. घरी पोचलो तर त्याची बायको आवडाबाई आरतीचं ताट आणि चार लिंबं घेऊन उभी. मी हरखलेच! तेवढ्यात शेजारची एक म्हातारी म्हणाली, जुन्या गाडीची कसली पूजा, पहिल्या मालकाने केली असेलच की. आवडाबाईने मला हळदकुंकू लावलं आणि लिंबं परत आत नेली. त्यांचं सरबत झालं. आता पहिल्या मालकाने केलेली म्हणाल, तर नाव नको. कंपनीची गाडी, कुणाला पडलीये? तेव्हा माझ्या चाकाखाली लिंबू म्हणून कधी आलं नाही. हसाल तुम्ही, पण मला ते फार लागलं.

बाकी संसार झकास झाला. करिश्मा जन्मली तेव्हा कल्याणच्या हॉस्पिटलातून तिला मीच घरी आणली. काळुराम इतका हळू चालवत होता की मागचे रिक्षावाले वैतागून हॉर्न मारत होते. त्याच आठवड्यात त्याने माझ्या पाठीला जाडजूड लोखंडी गार्ड बसवून घेतला. पोरगी मागे बसणार, कुणी ठोकलं तर? हळदीच्या जेवणाचा टोप माझ्या डिकीत, जत्रेला अख्खं खटलं माझ्या पोटात. धाकटा नयन गाडी शिकला तोही माझ्यावरच. माझा ॲक्सिलरेटर भलता जड. पाय रोवून दाबला की मी आधी विचार करते, मग खोकते आणि मग कुठे निघते.

यंदा करिश्माचं लग्न ठरलं, ठाण्याच्या वर्तकनगरात. लगेच नयनने टूम काढली. ताईची पाठवणी नव्या स्पोर्ट सेडानमधून करायची आणि ही म्हातारी एक्सचेंजमध्ये द्यायची. एक्सचेंज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. समोरच्या बंगल्यातली जीप तशीच गेली. पुढे तिचे पत्रे झाले म्हणे.

नयन आणि त्याचा मित्र मुकुल चक्क माझ्याच बॉनेटवर बसून मोबाइलवर गाड्या बघायचे. एकीचं टर्बो इंजिन, पाय ठेवला की सुटलीच. दुसरी मायलेजला भारी, पण दिसायला काकांची गाडी. तिसरीची डिकी ऐसपैस, पण इंजिन झोपाळू. मग मुकुलने अमेरिकेतल्या जुन्या मसल कार दाखवल्या, लांब नाकाच्या, गुरगुरणाऱ्या. म्हणाला, ही काँटेसा म्हणजे आपली देशी मसल कारच रे, सेम नाक. मी अशी फुगले म्हणता! तर पुढे म्हणतो कसा, “फक्त दिसायला हां. पळायला म्हैस.” गेली माझी हवा. मसल कसले, इथे सांधे धरलेत.

शोरूमला सगळ्यांना मीच घेऊन गेले. आपल्या सवतीला बघायला आपणच जायचं, काय नशीब! काळुरामने हळदीचा टोप बरोबर घेतलेला, मापाला. डिकी किती लिटरची ते सेल्समन सांगायला लागला, तर याने विचारलं, लिटर पाण्याचं का मटणाचं? टोप एकाही डिकीत गेला नाही. टर्बोवालीत आवडाबाई बसली ती खालीच गेली. आतून म्हणाली, “या गारीन बसाचं का निजाचं?” दोघांनी ओढून बाहेर काढली तिला. एवढं होऊनही नयनने तीच घेतली. पोराच्या हट्टापुढे काळुरामचं काही चालत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती आली. लालभडक, चकचकीत. शोरूमचा माणूस संध्याकाळी मला न्यायला येणार होता. मी अंगणात मांडवाकडे तोंड करून उभी होते. माझ्यापुढे, मांडवात, करिश्मा हातापायांना मेंदी लावून खुर्चीत बसलेली. मागे ती नवी. आवडाबाईने तिला ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि बाजूला झाली. मी आरशातून सगळं बघत होते. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला सांगू?

नयन बसला आणि त्याने सवयीने पाय रोवून दाबला. पाय माझ्यावर शिकलेला, गाडी मात्र टर्बो. लिंबं कधी फुटली कळलंच नाही. ती नवी पोरगी उधळली ती थेट माझ्या पाठीवर. धाडकन आवाज झाला. मी हातभर पुढे सरकले, पण हँडब्रेक ओढलेला होता आणि मीही अंगातला सगळा जोर लावला. माझं नाक करिश्माच्या खुर्चीजवळ थांबलं. तिची मेंदीसुद्धा पुसली नाही. माझा गार्ड वाकला होता आणि नवीच्या तोंडाचा पार चुरा झाला होता.

नयन खाली उतरून रडायलाच लागला. काळुराम वाकलेल्या गार्डवर नुसता हात फिरवत राहिला. करिश्मा मेंदीचे हात तसेच वर धरून म्हणाली, “पप्पा, मी हिच्यातूनच जाणार. आणि हिला कुठं द्यायची नाय.”

संध्याकाळी शोरूमचा माणूस आला, चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घालून मी तयार झाले. काळुराम स्टिअरिंगवर, मागे करिश्मा आणि नवरदेव. निघणार तोच आवडाबाई म्हणाली, “थांबा जरा.” पदरात काहीतरी घेऊन ती आली, गुडघे धरत खाली वाकली आणि माझ्या चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. मग माझ्या दाराला हात लावून हळूच म्हणाली, “तुझी ऱ्हायलेली गो.” म्हणजे तिलाही आठवत होतं! इतकी वर्षं मला वाटायचं, मीच एकटी धरून बसलेय. मी त्या दिवशी विचार केला नाही, खोकलेही नाही. लिंबं फोडली आणि करिश्माला घेऊन वर्तकनगरला गेले.

आता नवी दुरुस्त होऊन माझ्या शेजारी उभी असते. वाईट नाहीये पोर, जरा तापट आहे. नयन तिच्यात बसताना आधी चप्पल काढतो, पाय हलका पडावा म्हणून. मी फारशी बाहेर जात नाही. करिश्मा माहेरी यायची असली की काळुराम माझंच फडकं शोधतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरी गाडी आणाल तेव्हा ती कितव्या हातची ते तुम्ही बघा हवं तर, लिंबाला बघायला लावू नका. तुमच्या घरी ती पहिल्यांदाच आलेली असते.