मास्तरांचं 'छान'

"आता पुरं झालं, मास्तर," बाळारामशेठ उंबऱ्यातूनच म्हणाले. "पाच वरसं झाली. पोर परीक्षेत नापास झाली. तिला येत न्हाय तं न्हाय. बासरी आजपासून बंद."

त्यांच्या मागे भाविका खाली मान घालून उभी होती. दापोड्याहून बापलेक निजामपुऱ्यात मास्तरांकडे मुद्दाम शुक्रवारी आले होते. शुक्रवारी यंत्रमागांना सुट्टी, सगळे लूम बंद, गल्ली शांत, नीट बोलता येतं.

केसरीनाथ मास्तरांनी निकालाचा कागद वाचला. तार सप्तकातले सगळे सूर चढे, असा शेरा होता. त्यांचा विश्वासच बसेना. बावीस वर्षं लूम चालवून मग बासरीचा वर्ग काढलेला हा माणूस. स्वतः गुरूचा मार खात शिकलेला, म्हणून 'चुकलं' हा शब्दच त्याने वर्गातून हद्दपार केला होता. कुणी अडखळलं की म्हणायचे, "छान. आता जरा सावकाश." मास्तर बेसुरालाही खडीसाखर देतील, अशी लोक थट्टा करत. पण भाविकासारखी मुखदुर्बळ पोर याच खडीसाखरेवर बोलती झाली होती. तिच्यावर मास्तरांचा फार जीव होता.

"परीक्षक काय म्हणाले?" त्यांनी तिला विचारलं.

"तुझे गुरू सांगत न्हाईत का, म्हणाले. मी बोलली, सांगतात, मीच रियाज करत न्हाय."

मास्तरांनी कागद बाजूला ठेवला. ही पोर पहाटे उठून रियाज करते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"वाजव. तार सप्तक."

तिने वाजवलं. मास्तरांची नजर तिच्या बोटांवर होती. बोटं अगदी बरोबर पडत होती. "छान," सवयीने त्यांच्या तोंडून गेलं. भाविकाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चपापले. मग तिची बोटं दिसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले.

"परत. वरचा पंचम."

ते वाट बघत राहिले.

"घाबरू नकोस. वाजव ना."

खांद्यावर हात पडला तसे ते वळले. बाळारामशेठ म्हणत होते, "मास्तर, कवाची वाजवतेय ती."

लूमच्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. मास्तरांची ती सवय सुटलीच नव्हती. एखादा सूर ऐकू आला नाही, की ते दोष गल्लीतल्या लुमांना देत. आज दोष द्यायला एकही लूम चालू नव्हता.

"शेठ, पोरीला येतं. मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "ठाण्याला एक बाई शिकवतात, फार चांगला कान आहे त्यांचा. रविवारी हिला तिकडे न्या. हिची बासरी बंद करू नका, पाया पडतो तुमच्या."

ते खरंच वाकले. बाळारामशेठनी त्यांना वरच्यावर धरलं. "नेतो, मास्तर. नेतो."

भाविकाला रडू आवरत नव्हतं. "मंग इतकी वरसं छान म्हणायचात ते?"

"तुझा चेहरा बघून म्हणायचो गं."

हे खरं होतं, आणि याहून जास्त सांगण्यासारखं आपल्याकडे काही नव्हतं, या लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती पाया पडून निघाली. जिना उतरताना पाठमोरीच काहीतरी बोलली. बापाने थांबून तिच्याकडे पाहिलं, म्हणजे बोललीच असणार. काय बोलली ते मास्तरांना कळलं नाही, आणि परत विचारायचा त्यांना धीर झाला नाही.