वीतभर दार

धरणाखालच्या डबक्यात एकतीस मासे होते. त्यांतल्या सात माद्यांची पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली. ही जात आता फक्त याच नदीत उरली आहे. एरवी धरणाचं दार हळूहळू खाली घेतात, म्हणजे ओसरत्या पाण्याबरोबर मासेही मुख्य धारेत परततात. आज पाणी वाचवायचं म्हणून ते एका दमात बंद केलं आणि मासे खडकांमागे कोंडले गेले. मी पट्टी लावून पाहिली. धारेचं पाणी नऊ सेंटिमीटर चढलं, तरच ते खडकावरून डबक्यात शिरणार होतं.

मी दार चालवणाऱ्या काकांना फोन लावला.

"काका, थोडं पाणी सोडा ना. डबकं तापलंय, मासे वर येऊन तोंडं उघडतायत."

"पोरी, दार माझ्या हातात आहे, पाणी नाही. साहेबांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, माशांच्या नावानं नळजोडणीचा अर्ज करा."

काका हसले.

"दार अडकत नाही ना, हे बघायला दर सोमवारी ते वीतभर उचलतो. तेवढी मुभा आहे मला. उद्याची चाचणी आजच उरकतो. पण पाचच मिनिटं हं, नाहीतर मला घरी बसवतील."

मी पट्टी धरून खडकाशी उभी राहिले. पाणी आलं, गढूळ आणि गार. त्याच्या आवाजाने सगळे मासे खडकाकडे वळले आणि एकमेकांवर दाटले. पाच मिनिटांनी दार खाली आलं.

पाणी सात सेंटिमीटर चढलं होतं.